उभी कड

चूक माझीच होती.
शुक्रवारी पाचला लोडर बंद केला,
रेतीचा ढीग एका अंगाने उभा कापलेला, भिंतीसारखा,
आणि घरी गेलो.
ढिगाला उतार देऊन निघायचं असतं,
नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगतात हे.
उतरत्या रेतीकडे कोणी फिरकत नाही.
उभी ठेवली की पाहुणे येतात.

सोमवारी सव्वीस भोकं होती.
मंगळवारी मी मोजणं सोडलं.
आफ्रिकेहून आलेल्या भिंगऱ्या,
मुठीत मावेल एवढा एकेक जीव,
पायांनी रेती मागे उडवत
हात-हातभर खोल शिरत होत्या.
पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ पाहिली,
भिंगरीनेच पाय रोवलेला पहिल्यांदा पाहत होतो.

विस्वाल्दिस, आमचा मुकादम, टोपी काढून नुसता उभा.
वाल्मिएराचा रस्ता आधीच तीन आठवडे मागे.
मग पर्यावरण कार्यालयातून आउस्मा आली, पिवळ्या बुटांत,
ढिगाभोवती लाल-पांढरी फीत ओढली,
म्हणाली, ऑगस्ट संपेपर्यंत.
आवाजात कायदा होता,
पण नजर वर, आणि तोंड थोडं उघडं.

धाकटी सार्मा सातवीत.
तिच्या वहीत प्रश्न होता:
गती थांबते तेव्हा ऊर्जा कुठे जाते?
मी म्हटलं, सायकल काढ.
गाउया नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या माथ्यावर
एक पाय टेकून ती उभी राहिली.
आत्ता तुझ्यात काय आहे?
भूक, म्हणाली.
आणि चढताना लागलेला दम? तो सगळा साठलाय, या उंचीत.
मग ती सुटली. वेणी आडवी झाली.
खाली पुलाशी करकचून ब्रेक.
मी धापा टाकत पोचलो,
तिचं बोट धरून चाकाच्या कडेला टेकवलं.
चटका नाही, ऊब.
नुकतंच कोणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.
हरवली नाही म्हणजे, ती म्हणाली. पसरली.
तसंच लिही.

रात्री झोप येईना, हिशेब करत बसलो.
ती रेती मीच चढवली होती, बकेटमागून बकेट.
किती डिझेल जळलं!
बहुतेक धुरात गेलं, कानठळ्यांत, तापलेल्या लोखंडात.
चिमूटभर राहिलं ढिगाच्या उंचीत.
आणि कोल्ह्याची उडी पोचत नाही
ती नेमकी तेवढीच उंची.

जुलैत सार्माला घेऊन गेलो, फितीच्या अलीकडे.
पिल्लं बिळांच्या तोंडाशी दाटीने बसलेली, नुसत्या चोची.
आई नदीवरून सपाट, जोरात येते,
आता आपटणार असं वाटतं,
तोच शेवटच्या हातभर वर चढते,
नोट मोडावी तसा वेग उंचीत मोडते
आणि दाराशी अलगद थांबते.
सार्मा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, बाबा, तिला ब्रेक कुठेच नाही.

सप्टेंबरात फीत निघाली.
बिळांत हात घालून आउस्माने एकेक तपासलं,
कोपरापर्यंत रेती.
रिकामी, म्हणाली, आणि बाजूला झाली.
मी बकेट लावली.
चार महिने उभं राहिलेलं पंधरा मिनिटांत बसलं.
वाळकं गवत, थोडी पिसं,
आणि गोणी ओतल्यासारखा एक लांब आवाज.
मी इंजिन बंद केलं नाही. करायला हवं होतं का, माहीत नाही.

रस्ता झाला. त्यावरून आता ट्रक जातात, लाकूड भरून.
शेवटच्या शुक्रवारी, खाणीच्या मागच्या अंगाला,
उरलेल्या ढिगाची एक बाजू मी उभी कापली.
विस्वाल्दिस फिरत फिरत आला.
उतार नाही दिलास.
विसरलो.
त्याने कडेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.
सोमवारी बघू, म्हणाला.

मेपर्यंत किती सोमवार येतात
ते आम्ही दोघांनीही मोजलं नाही.